येणारे भाऊ, थांबणारी मोटार

चंद्रपूरहून आम्ही निघालो तेव्हा सकाळचे सहा वाजले होते, नोव्हेंबरचा शेवटचा दिवस होता, आणि ठरल्या वेळेला कुठेतरी निघण्याची माझी ती आयुष्यातली पहिलीच वेळ होती. शेजारी सुमन, म्हणजे माझी बायको, शाल लपेटून बसली होती. डिकीत केळी, मुरमुऱ्यांची पिशवी आणि पाण्याचा कॅन होता. पुढे मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा, कुरखेडा आणि कुरखेड्याच्या पलीकडे जंगलात एक लहानसं गाव, असा रस्ता होता. त्या गावच्या शाळेत माझी मोठी बहीण अठरा वर्षं शिकवत होती. त्या दिवशी ती निवृत्त होणार होती आणि दुपारी तीन वाजता तिचा निरोप समारंभ होता.

आता कबुली देऊन टाकतो. या अठरा वर्षांत मी ताईकडे एकदाही गेलो नव्हतो. दर वर्षी मात्र "येतो" असं पत्र न चुकता टाकत होतो. मग कधी सुटी मिळाली नाही, कधी नाल्याला पूर आला, कधी मुलांच्या परीक्षा आल्या, एकदा तर निवडणुकीची ड्युटी माझ्या मदतीला धावून आली. गेल्या महिन्यात मी एक मोटार घेतली, तिसऱ्या हातची पण माझी पहिली, आणि ही बातमी मोठ्या अभिमानानं ताईला कळवली. तिचं उत्तर चार ओळींचं होतं. "मोटार घेतली, चांगलं केलं. आता सुटी, पूर, परीक्षा सगळी कारणं संपली. एकच राहिलं, ते म्हणजे गाडी बंद पडली. ते तरी सांगू नकोस. तीस तारखेला वाट बघते."

बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याच साली ठरवलं की आपल्या घरात शिकेल तर आधी मुलगी शिकेल. ताई शिकली, नोकरीला लागली, आणि तिच्या पगारावर माझं कॉलेज झालं. हे मी कधी विसरलो नव्हतो. म्हणून तर घर बांधताना मागच्या अंगाला तिच्यासाठी एक खोली काढली. त्या खोलीला बाबांचं जुनं कुलूप लावलं होतं. बाबा मूलच्या एका राइस मिलवर चौकीदार होते. मिल बंद झाली तेव्हा फाटकाचं कुलूप त्यांना मिळालं. ते कुलूप नारळाएवढं, आणि त्याची लोखंडी किल्ली माझ्या पंज्याएवढी. ती किल्ली निरोप समारंभात ताईच्या हातात द्यायची आणि तिला सोबत घेऊन यायचं, असा माझा बेत होता. बेत करण्यात मी कधीच कमी पडलेलो नाही.

मी विसराळू आहे. सुमननं त्यावर तोडगा काढलेला आहे. जे विसरायचं नाही ते सगळं ती मोटारीच्या किल्लीत अडकवते, कारण मोटार न्यायची तर ती किल्ली हातात घ्यावीच लागते. तेव्हा एका पितळी कडीत मोटारीची किल्ली, डिकीची किल्ली, पुढचं दार, मागचं दार, कपाट, दोन पेट्या, सायकल आणि ऑफिसचं टेबल इतकी मंडळी आधीच नांदत होती. आदल्या संध्याकाळी त्यात बाबांची किल्ली दाखल झाली.

"अजी, आता काही विसराले जागाच नाई," सुमन समाधानानं म्हणाली.

मूलच्या अलीकडे जंगल सुरू झालं. दोन्ही बाजूंना साग, मधूनच बांबूची बेटं, आणि रस्त्यावर पावसाळ्यानं पाडलेले खड्डे. एका खड्ड्यातून गाडी बाहेर आली आणि गप्प झाली. धडपड नाही, ठसका नाही. इंजिन एकदम बंद. मी स्टार्टरची मूठ ओढली. असल्या जुन्या गाड्यांना स्टार्टर वेगळा असतो, किल्लीनं नुसता करंट चालू-बंद होतो. इंजिन घुर्र घुर्र फिरलं, पण पेट काही घेईना.

मी वीज खात्यात नोकरीला आहे. आवक-जावकच्या टेबलावर आहे, पण आळीत फ्यूज उडाला तरी लोक मलाच बोलावतात, आणि मीही जातो. त्यामुळे बॉनेट उघडून मी वायरींकडे जरबेनं पाहिलं, दोन-चार ओढून पाहिल्या. स्टार्टर ओढला, काही नाही. मग गाडीची किल्ली काढली, डिकी उघडून पक्कड आणली, प्लगची एक वायर घट्ट दाबली, किल्ली जागेवर लावली, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"लूज होती," मी म्हणालो. सुमननं माझ्याकडे आदरानं पाहिलं. असं ती वर्षातून एखाद्या वेळेस पाहते, म्हणून लिहून ठेवतो.

मूल गेलं, आणि पुढच्या जंगलात गाडी पुन्हा तशीच गप्प झाली. मी प्लगची वायर दाबली. काही उपयोग झाला नाही. जिथे थांबलो तिथे वळणावर एका मोहाच्या झाडाखाली दगडांची रास होती, आणि राशीवर वाळलेला-हिरवा पाला पडलेला होता. एक म्हातारा गोंड शेतकरी खांद्यावर कुऱ्हाड घेऊन उभा होता. त्यानं आमची गाडी, माझे काळे हात आणि सुमनचा चेहरा क्रमानं पाहिला.

"पाला टाकला काय?" त्यानं विचारलं.

त्यानं सांगितलं की जंगलात शिरणारा माणूस इथं थांबतो, एक डहाळी मोडतो, राशीवर ठेवतो आणि मग पुढे जातो. त्याचा आजाही ठेवायचा. मी म्हणालो, "बाबाजी, आम्ही हे काही मानत नाही. आणि गाडी करंटवर चालते, पाल्यावर नाही."

"नका मानू जी," तो शांतपणे म्हणाला. "पण थांबले तर आहाच ना तुमी."

त्याचं काही चुकत नव्हतं. सुमन म्हणाली, "देवाले नाई तर नाई, बाबाजीले तरी केळं द्या. सकाळपासून उभा असन." मी किल्ली काढली, डिकी उघडली, म्हाताऱ्याला तीन केळी दिली. त्यानं एक सोलून तिथेच खाल्लं. मी परत येऊन किल्ली लावली, स्टार्टर ओढला, आणि गाडी सुरू! म्हातारा हसला नाही, याचा मला जास्त राग आला. सुमन पुढचे दहा मैल रस्त्याकडेच्या प्रत्येक मोहाकडे मान वळवून पाहत होती.

सिंदेवाहीला पोहोचेपर्यंत गाडी आणखी दोनदा थांबली. एकदा डिकीतून चिंधी आणून मी बॅटरीचं टोक घासलं तेव्हा सुरू झाली, एकदा डिकीतला पाना आणून पेट्रोलची नळी सोडवली आणि फुंकली तेव्हा. म्हणजे चार वेळा थांबली, चार वेगवेगळ्या इलाजांनी सुरू झाली. वीज खात्यातल्या माणसालाही हे पटणं कठीण होतं. पावणेदहा वाजले होते, निम्मा रस्ताही झाला नव्हता, आणि ताईनं नको म्हणून सांगितलेलं एकुलतं एक कारण माझ्याकडे जमा होत होतं.

सिंदेवाहीत आधी तर्री-पोहे खाल्ले. इकडे पोह्यांवर हरभऱ्याचा तिखट रस्सा ओततात, त्यालाच तर्री म्हणतात. डोळ्यांतून पाणी येतं, आणि त्या सकाळी ते नेमकं कशानं आलं हे कुणी विचारलं नाही, ही मोठी सोय होती. पोहेवाल्यानं सत्तारभाईंचं नाव सांगितलं.

सत्तारभाईंचं गॅरेज म्हणजे एक चिंचेचं झाड, एक पेटी आणि एक खाट. माणूस पन्नाशीचा, उंच, दाढी मेंदीनं रंगवलेली. मी चारही प्रसंग त्यांना सविस्तर सांगितले. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही.

"आता चालू हाये ना?"

"आता चालू आहे. पण..."

"मंग मी काय करू साहेब? चालू गाडीले मी पाना लावत नाई. हा माहा उसूल हाये. चालू गाडी खोलली तर एक बिमारी शोधता शोधता चार पैदा होते. बंद पडू द्या, मंग बघू. कवापासून हाये हे?"

"आजपासूनच. महिनाभर गावात उत्तम चालली."

"काल काही बदललं काय? काही नवीन लावलं?"

"काहीच नाही," मी छातीठोकपणे म्हणालो. सुमननंही मान डोलावली. आम्हा दोघांचं एकमत झालेले प्रसंग थोडे, त्यातला हा एक.

"चला, मी चालवून पाहतो," सत्तारभाई म्हणाले आणि मी किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही. "फक्त गाडीची चाबी द्या. बाकी घरच्या चाब्या बाईपाशी ठेवा." मला नवल वाटलं. ते म्हणाले, "नागपूरले उस्तादपाशी शिकत होतो. एका गिऱ्हाइकाच्या घरी चोरी झाली, आन् त्याच्या घरच्या चाब्या आमच्या गॅरेजमध्ये टांगून होत्या. चोर मंग सापडला, पण उस्तादचं नाव आठ दिवस पोलिसात होतं. तवापासून पराया घरची चाबी मी हाती धरत नाई."

मला हे फार आवडलं. मी कडीतून गाडीची किल्ली सोडवून त्यांना दिली, बाकीचा जुडगा सुमनच्या मांडीवर गेला.

आम्ही भात संशोधन केंद्राच्या रस्त्यानं चक्कर मारून आलो. तिथे एकेका वाफ्यातल्या धानाला पाटी लावलेली असते, नाव-नंबरासकट. गाडीनं त्या सगळ्या पाट्या दिमाखात ओलांडल्या. खड्ड्यातून नेली, दगडावरून नेली, पण हूं नाही की चूं नाही. सत्तारभाई म्हणाले, "नागभीडपर्यंत येतो. थोडी गरम झाली की बिमारी बाहेर येईन."

नागभीडपर्यंत ते असे चालवत गेले की मला माझ्याच गाडीचा हेवा वाटला. बिमारी काही बाहेर आली नाही. साडेअकराला ते स्टँडवर उतरले, मला किल्ली दिली, म्हणाले, "गाडी चोख हाये, बिनघोर जा." मी सुमनच्या नजरेच्या धाकानं किल्ली पुन्हा कडीत अडकवली, स्टीअरिंगवर बसलो, आणि रेल्वे फाटकाचे रूळ ओलांडताना गाडी ठप्प झाली.

रुळांवर! फाटकवाला धावत आला. "छोटी गाडी यायची हाये जी, ढकला लवकर!" अरुंद रुळांच्या रेल्वेला इकडे छोटी गाडी म्हणतात. तो, मी आणि दोन भाजीवाल्या बाया, अशा चौघांनी मोटार ढकलून पलीकडे लावली. एका सायकलवाल्याला सत्तारभाईंना आणायला पाठवलं. ते येईपर्यंत घाबरलेल्या सुमनला काहीतरी तोंडात टाकायला हवं होतं, म्हणून मी डिकी उघडून मुरमुरे काढले. आणि सत्तारभाई सायकलच्या कॅरियरवरून उतरत असताना, सहज म्हणून किल्ली लावून स्टार्टर ओढला. सुरू.

सत्तारभाईंनी चालू इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चालू हाये की साहेब."

"आत्ता बंद होती! या फाटकवाल्याला विचारा!"

"विचारतो. पण चालू गाडीले..."

"पाना लावत नाही, ठाऊक आहे मला!" मी ओरडलो. एखाद्या आजारी माणसानं डॉक्टर दिसताच उठून नाचायला लागावं, तसा त्या मोटारीचा स्वभाव झाला होता.

पण माणूस भला. किल्ली मागून घेतली, जुडगा शिस्तीत सुमनकडे दिला आणि "ब्रह्मपुरीपर्यंत येतो" म्हणून पुन्हा स्टीअरिंगवर बसले. ब्रह्मपुरीपर्यंत पुन्हा तीच राजेशाही चाल. दोन्ही बाजूंना धानकापणी चालली होती, बांधावर बायका ओळीनं वाकल्या होत्या, तलावांत बगळे उभे होते. हे सगळं बघायला फार सुंदर होतं, पण मी घड्याळाकडेच पाहत होतो.

ब्रह्मपुरीत एका खानावळीत जेवलो. वरण-भात, वांग्याची भाजी आणि भेदराची चटणी (इकडे टोमॅटोला भेदर म्हणतात). जेवताना सत्तारभाई घसा खाकरून म्हणाले, "साहेब, राग नका येऊ देऊ. मी चालवतो तर गाडी चालते. तुमी चालवता तर थांबते. गाडीत खराबी नाई."

"मग कशात आहे?"

"तुमच्या पायात असन. क्लच जोरानं सोडता काय?"

"लग्नाले बावीस वर्षं झाले," सुमन भातावर वरण ओतत म्हणाली, "माह्या मनात बी हेच होतं."

मी ताटावरून उठलो नाही, कारण भूक होती. पण अपमान खूप झाला. हात धुऊन आलो ते ठरवूनच: आता मीच चालवणार, आणि क्लच असा सोडणार की तळहातावरचं पाखरू उडू नये. सत्तारभाई आरमोरीपर्यंत येतो म्हणाले आणि मागच्या सीटवर आडवे झाले. जेवण जड झालं होतं; पाच मिनिटांत घोरू लागले. मी किल्ली कडीत अडकवली, कडी जागेवर लटकली, आणि आम्ही निघालो.

आठ-दहा मैल गाडी लोण्यासारखी गेली. मी सुमनकडे पाहून भुवया उंचावल्या. वैनगंगेजवळ रस्ता उखडला होता. पहिला खड्डा, दुसरा खड्डा, आणि तिसऱ्यात गाडी गप्प. क्लचला मी पायसुद्धा लावलेला नव्हता!

खरं तर मी आनंदानं ओरडायला हवं होतं. आजार, आजारी आणि डॉक्टर पहिल्यांदाच एका ठिकाणी जमले होते. पण अभिमान वाईट. मी सुमनला ओठांवर बोट ठेवून खूण केली, आणि सत्तारभाई जागे व्हायच्या आत डिकीतून पाना आणावा म्हणून हळूच किल्लीकडे हात नेला.

"सत्तारभाई, उठा! बंद पडली!" सुमननं आवाज दिला.

"हात नका लावू!" सत्तारभाई ताडकन उठून बसले. "कशालेच हात नका लावू! जसं हाये तसं राहू द्या."

आम्ही दोघं पुतळ्यासारखे बसलो. ते मागूनच माझ्या खांद्यावरून वाकले आणि समोरच्या काट्यांकडे बराच वेळ पाहत राहिले.

"साहेब, चाबी चालू हाये ना?"

"चालूच आहे."

"इंजिन बंद हाये ना? मंग हा लाल दिवा काऊन नाई लागला? चाबी चालू आन् इंजिन बंद, तर हा दिवा लागलाच पाहिजे. तुमी वीज खात्यात हा ना?"

मी आवक-जावकच्या टेबलावर आहे हे सांगायची ती वेळ नव्हती. दिवा खरोखरच विझलेला होता. सकाळपासून पाच वेळा तो असाच विझलेला माझ्या नाकासमोर होता आणि मी बॉनेटमध्ये डोकं घालून बसलो होतो.

सत्तारभाईंनी लांब हात पुढे केला. एका बोटानं त्यांनी लटकता जुडगा खालून अलगद उचलला. लाल दिवा लागला. बोट काढलं, जुडगा खाली ओढला गेला, दिवा विझला. पुन्हा उचलला, लागला. सोडला, विझला. बाबांची लोखंडी किल्ली जुडग्याच्या तळाशी झुलत होती.

"स्विच घासला हाये आतून," ते शेवटी म्हणाले. "खड्ड्यात हा जुडगा झोका घेते, चाबीले मागं ओढते, करंट तुटते. तुमी डिकी खोलाले चाबी काढता, परत लावता, तर जमते. गाडीले काहीच झालं नाई. ही एवढी मोठी चाबी कवा टाकली यात?"

"काल," मी म्हणालो.

"मी विचारलं होतं ना, काल काही बदललं काय म्हणून?"

"तुम्ही गाडीचं विचारलं होतं. ही तर ताईच्या खोलीची."

मला वाटलं, ते आता मला चांगलंच सुनावणार. पण ते दाढीवरून हात फिरवत खजील होऊन बसले. "माही बी गलती हाये साहेब. मी चाबी अलग करून चालवत होतो, म्हणून बिमारी लपून राह्यली. माह्या उसुलानं तुमचे तीन घंटे खाल्ले." मग सुमनकडे वळून म्हणाले, "बाई, हे झुडूप आता मांडीवरच ठेवा."

म्हाताऱ्याला केळी द्यायला, मुरमुरे काढायला, पक्कड आणायला, दर वेळी डिकीची किल्ली त्याच कडीत होती, म्हणून मोटारीची किल्लीही बाहेर निघत होती. हे ध्यानात आलं तेव्हा दुपारचे सव्वादोन झाले होते. तीनला पोहोचणं आता शक्य नव्हतं.

वडश्याला तीन वाजून गेले. सत्तारभाई तिथून छोट्या गाडीनं सिंदेवाहीला परत जाणार होते. तिकीट मी काढून दिलं. त्यापलीकडे त्यांनी काही घेतलं नाही, पाना लावलाच नव्हता म्हणून. उरलेली केळी मात्र आनंदानं घेतली. फलाटावर उभं राहून त्यांनी रुळांकडे पाहिलं आणि अगदी साध्या मनानं विचारलं, "साहेब, ही रेल्वे सरळ तुमच्या चांद्यावरून येते. इथून कुरखेड्याले एस.टी. हाये. मंग बहिणीकडे याले मोटारीची वाट काऊन पाहिली?"

अठरा वर्षांत मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. ताईनंसुद्धा. मी "गाडी वेळेवर नसते" असं काहीतरी पुटपुटलो, आणि तेवढ्यात छोटी गाडी अगदी वेळेवर आली.

पुढचा रस्ता मी समोर नजर लावून चालवला. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. कुरखेड्यानंतर डांबर संपलं आणि तांबडा रस्ता जंगलात शिरला. खड्डे सकाळपेक्षा मोठे होते, पण एकटी किल्ली आपल्या जागी गुमान बसली होती आणि जुडगा सुमनच्या मांडीवर खुळखुळत होता. साडेचार झाले होते. समारंभ उरकला असणार, लोक पांगले असणार. ताईसमोर उभं राहून "गाडी बंद पडली" एवढंच मला म्हणता येणार होतं.

गावाच्या तोंडाशी एका खळ्यावर धानाची मळणी चालली होती. मी काच खाली करून शाळेचा रस्ता विचारला. बैलांमागचा माणूस जवळ आला, आत डोकावला, आणि त्याचा चेहरा उजळला.

"तुमी बाईचे येणारे भाऊ काय?"

"कोण?"

"येणारे भाऊ! दर साली येऊन राह्यले म्हणून बाई सांगते ना!" आणि तो बैल तसेच सोडून शाळेकडे ओरडत पळाला, "आले! येणारे भाऊ आले!"

म्हणजे या गावाला मी अठरा वर्षं ठाऊक होतो. मी न येण्याची इतकी वर्षं ताईनं मला येता ठेवलं होतं.

शाळेच्या अंगणात मांडव होता. समोर पोरं ओळीनं बसली होती, त्यांतली निम्मी पेंगत होती. सरपंच खुर्चीत झोपले होते. हार ताटात होते, भाषणं खिशात होती. मधल्या खुर्चीवर पांढऱ्या साडीत ताई बसली होती, केस सगळे पिकलेले, आणि तिच्या डाव्या बाजूच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. हेडमास्तर माझा हात धरून म्हणाले, "दीड तास झाला जी. सुरू करू म्हटलं की बाई म्हणते, माहा भाऊ येऊन राह्यला, थांबा. स्वागतगीत तीनदा म्हणून झालं."

ताई उठून आली. माझ्या तोंडाकडे, काळ्या हातांकडे पाहिलं. "गाडी बंद पडली असन," ती म्हणाली.

"ताई, शपथेवर सांगतो, खरंच पडली."

"बरं," ती म्हणाली, आणि सगळा मांडव हसला. मी पण हसलो, आणि मग मला एकदम रडू आलं. ताईनं मला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं आणि हेडमास्तरांना म्हणाली, "करा आता सुरू."

हार झाले, भाषणं झाली, स्वागतगीत चौथ्यांदा झालं. चहाच्या वेळेला मी तिला सगळी हकिगत सांगितली. पण अठरा वर्षं माझी कारणं वाचलेल्या बाईला नुसतं सांगून काय उपयोग? ती म्हणाली, "दाखव." मी तिला मोटारीत बसवलं, जुडगा अडकवला, दिवा विझलेला दाखवला. तिनं स्वतः बोट लावून जुडगा उचलला. दिवा लागला. सोडला, विझला. मग ती दारातून मान बाहेर काढून ओरडली, "पाचवीची पोरं, इकडं या! लाइन करा, ढकलाढकली नाई!"

संधिप्रकाशात चाळीस पोरांनी रांगेत उभं राहून एकेक करून तो जुडगा उचलला. ताई प्रत्येकाला विचारत होती, "दिवा काऊन लागला? काऊन विझला?" उत्तर चुकलं की रांगेच्या शेवटी पाठवत होती. सरपंचही रांगेत होते, आणि तेही एकदा चुकले. तिचा नोकरीतला तो शेवटचा तास माझ्या मोटारीत झाला.

पोरं पांगल्यावर तिनं बाबांची किल्ली ओळखली. हातात घेऊन पदरानं पुसली. मी खोलीचं सांगितलं आणि म्हणालो, "उद्या सोबतच चल."

"उद्या कशी येऊ रे? इथी घर हाये माहं, परसात वाल लावला हाये, पोरी सांजच्याले शिकाले येतात." मग तिनं सुमनला विचारलं, "खोलीत सध्या काय ठेवता?"

"रजया," सुमन खरं बोलून गेली. "सगळ्या रजया तिथीच हायेत."

ताईनं कडीतून बाबांची किल्ली काढली आणि कमरेला खोचली. "मंग ही माह्यापाशी राहू दे. थंडी वाजली की घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी नव्या तांदळाचा भात आणि झिंग्यांचा रस्सा खाऊन आम्ही निघालो. गाडी कुठेही थांबली नाही. मोहाच्या वळणावर मी आपण होऊन थांबवली. सुमननं विचारलं, "काऊन?" मी म्हणालो, "काही नाही, जरा पाय मोकळे करतो." म्हातारा नव्हता. राशीवर ताजा पाला होता.

आता डिसेंबर लागून आठवडा झाला. चंद्रपुरात थंडी पडली आहे आणि आम्ही दोघं एका सतरंजीवर दोन शाली घेऊन झोपतो. परवा सुमन म्हणाली, कुलूप तोडायला माणूस बोलावू. मी नको म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही, उलट इथून वडश्याला जाणाऱ्या छोट्या गाडीची वेळ शेजाऱ्यांकडून विचारून आणली. मोटारीचा स्विच बदलायला टाकला आहे, त्याची वाट पाहायची नाही असं आमचं ठरलं आहे. शनिवारी सकाळी रेल्वेनं निघतो आहोत. या वेळी "येतो" म्हणून ताईला पत्र टाकलेलं नाही.